डीव्हीडी लहान करताना टक्के बघायचे की चित्र?

माटोळी
गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांची चित्रीकरणं नाट्यमंडळाकडे डीव्हीडीवर आहेत. मंडळाचं स्वतःचं चित्रीकरण आहे, त्यामुळे कॉपी प्रोटेक्शनचा प्रश्न नाही. सगळं डीव्हीडी रेकॉर्डरच्या एक्सपी मोडवर घेतलेलं, म्हणजे तासाला एक तबकडी आणि तीन अंकी नाटकाला तीन. मूळ कॅसेट आता उपलब्ध नाहीत. प्रत्येक कलाकाराच्या घरी एक प्रत द्यायची आहे आणि एक नाटक एकाच साध्या तबकडीवर बसवायचं आहे.

डीव्हीडी श्रिंकसारख्या प्रोग्रॅममध्ये टक्केवारी दिसते. दोन तासांचं नाटक एका तबकडीवर बसवायचं तर ५०% च्या आसपास, तीन तासांचं तर ३३%. ५०% म्हणजे चित्राचा दर्जा निम्म्यावर येतो का? ३३% ला हात लावावा की नाही? आकडा किती आला की थांबायचं, हे कुणी नीट सांगेल का?

घुमट
टक्केवारी फक्त एवढंच सांगते की आधी किती बिट खर्च होत होते आणि आता किती होतील. आधीचे बिट गरजेचे होते की वाया जात होते, ते तिला ठाऊक नसतं. खरा प्रश्न असा विचारायचा: नवीन बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे बिट, या दृश्याला पुरतो का?

आधी हिशोब मांडू. साधी तबकडी ४.७ जीबीची, म्हणजे ४७० कोटी बाइट. कॉम्प्युटर १०२४ ने भागत जातो म्हणून तिथे ४.३८ दिसतं, तबकडी तीच. शेवटच्या कडेवर डेटा जाऊ नये आणि मल्टिप्लेक्सिंगचा (चित्र-आवाज एकत्र गुंफण्याचा) खर्च निघावा म्हणून ४५० कोटी बाइट धरा. त्याचे झाले ३६०० कोटी बिट. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. भागाकार सुमारे ३३३० किलोबिट प्रतिसेकंद. त्यातून आवाजाचे १९२ वजा केले की चित्राला साधारण ३१४० उरतात. दोन तासांच्या नाटकाला हाच हिशोब ४८०० पर्यंत जातो.

आता एक्सपी मोडकडे बघा. तो जवळजवळ एकाच वेगाने बिट ओततो. पडदा बंद आहे, फक्त हार्मोनियम वाजतेय, तरी चित्राला आठ मेगाबिट. तलवारी घेऊन चार जण रंगमंचभर नाचतायत, तरी आठच. म्हणजे अर्ध्याअधिक नाटकात पाण्यासारखा खर्च झालेला आहे. तो वाचवून तलवारींना दिला तर ५०% वर फरक शोधावा लागेल. ३३% वर मात्र विचार करूनच काम करायला हवं.

खाजन
घुमट यांच्या हिशोबात एक मोठी गोष्ट जोडतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. एक्सपी मोडवर बरेचसे रेकॉर्डर आवाज एलपीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, घेतात, आणि त्याचा दर १५३६ किलोबिट. तीन तासांचा नुसता आवाजच २०७ कोटी बाइट खातो. तो तसाच ठेवला तर ४५० पैकी जवळजवळ निम्मी तबकडी आवाजात गेली, आणि चित्राला उरले फक्त १८०० किलोबिट.

तोच आवाज एसी-३ (डॉल्बीचा दाबलेला) स्टिरिओमध्ये १९२ वर आणला की २६ कोटीत बसतो. नाटकाच्या संवादांना आणि संवादिनी-तबल्याला १९२ पुरतं. नाट्यगीतं भरपूर असतील तर २२४ किंवा २५६ द्या. डीव्हीडी श्रिंक आवाजाचा ट्रॅक गाळू शकतं, बदलून देत नाही. त्यामुळे फक्त श्रिंक वापरणाऱ्याला ही १८१ कोटी बाइटची बचत मिळतच नाही. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तबकडीची व्हीओबी (चित्र-आवाजाची) फाइल उघडा, आवाजापुढे 'पीसीएम' लिहिलेलं दिसलं की पहिलं काम हेच.

तिसरा_अंक
श्रिंकला उगाच मोडीत काढू नका. ८०-८५% पर्यंतचं काम ते वीसेक मिनिटांत करतं आणि टीव्हीवर फरक दिसत नाही. 'डीप अ‍ॅनालिसिस' लावा म्हणजे आधी सगळी तबकडी तपासून कुठे जास्त दाबायचं ते ठरवतं. 'एरर कॉम्पेन्सेशन'सुद्धा चालू ठेवा. मेनू, चॅप्टर जिथल्या तिथे राहतात, हा फायदा लहान नाही.

पण ७०% च्या खाली एक ठराविक खोट दिसू लागते. श्रिंक चित्र पूर्ण उलगडून पुन्हा रचत नाही. प्रत्येक चौकोनातले आकडे अधिक ढोबळ करतं, हालचालीचे बाण मात्र जुनेच ठेवतं. पी फ्रेम मागच्या फ्रेमवर बेतलेली असते. मागची फ्रेमच बदलली, तर जुना फरक तिला नीट लागू पडत नाही. चूक फ्रेमगणिक साठत जाते आणि पुढची आय फ्रेम (स्वतःपुरती पूर्ण असलेली) आली की एकदम पुसली जाते. पालमध्ये (आपल्याकडची सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) आय फ्रेम साधारण दर १२ किंवा १५ फ्रेमनी येते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एकदा. स्थिर पडद्याचं दृश्य अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला धडधडतंय असं दिसलं, तर ते हेच. आजूबाजूच्या फ्रेमवर बेतलेल्या बी फ्रेममधली चूक पुढे जात नाही, कारण तिच्यावर दुसरी कुठली फ्रेम बेतलेली नसते.

खाजन
बरोबर. त्यात भर म्हणून, दोनदा ढोबळ केल्यावर आकडा कसा हलतो ते एका उदाहरणात दाखवतो.

डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबतात. त्यात ८ गुणिले ८ च्या चौकोनाचे ६४ आकडे होतात आणि प्रत्येक आकडा एका पायरीने भागून पूर्णांकात लिहिला जातो. समजा मूळ आकडा ४१ आणि रेकॉर्डरची पायरी १६. भागाकार २.५६, लिहिला ३, वाचताना परत आला ४८. आता लहान करताना पायरी १९ केली. ४८ ला भागून २.५३, पुन्हा ३, वाचताना ५७. मुळातून थेट १९ ने भागलं असतं तर २.१६, म्हणजे २, आणि परत आले असते ३८. मूळ ४१ ला ३८ किती जवळ आणि ५७ किती लांब! पायरी थोडीशीच वाढली आणि चूक तीनवरून सोळावर गेली.

म्हणून मूळ कॅसेट असेल तर नेहमी तिथूनच करा. आणि लहान केलेल्या प्रतीवरून पुन्हा लहान प्रत कधीही करू नका.

घुमट
@खाजन, सुंदर उदाहरण. मात्र पूर्ण री-एन्कोडमध्येही (चित्र उलगडून नव्याने दाबताना) ही दुहेरी चूक होतेच, हे नव्या वाचकांनी लक्षात घ्यावं. री-एन्कोडचा फायदा दुसरीकडे आहे: हालचालीचा शोध नव्याने घेतला जातो, प्रत्येक फ्रेम नव्याने दाबलेल्या फ्रेमवरच बेतली जाते म्हणून चूक साठत नाही, आणि तिन्ही तबकड्यांतले बिट एकत्र धरून वाटता येतात. खोबऱ्याचा दाट रस एकदा काढला की चोथ्यात परत जात नाही, तसंच इथेही आहे. उरलं आहे ते नीट वाटायचं.

रानआवाळे
मधेच विचारतो. आमच्याकडे जुन्या व्हीसीडी आहेत, तियात्रांच्याही (गोव्यातली कोकणी नाटकं) आणि भजनी सप्ताहाच्याही. त्या डीव्हीडीवर घेताना कोणता बिटरेट ठेवायचा?

तिसरा_अंक
@रानआवाळे, कोणताच नको, चित्राला हातच लावू नका! व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, ३५२ गुणिले २८८, ११५० किलोबिट. हे चित्र डीव्हीडीच्या नियमात जसंच्या तसं बसतं. फक्त आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, तो ४८ वर न्यावा लागतो. डॅट फाइलमधून चित्र आणि आवाज वेगळे काढा, आवाज बदला, पुन्हा जोडा. एका तबकडीवर सात तास सहज मावतात. ७२० गुणिले ५७६ ला फुगवून पुन्हा एन्कोड केलं तर वेळही जातो आणि आधीचे चौकोन अधिक ठळक होतात.

रानआवाळे
देव बरें करूं! हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

कुळागर
बिटरेटच्या आधी तबकडी वाचली जाते की नाही ते बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पाकिटात ठेवलेल्या तबकड्यांवर पांढुरकी बुरशी धरते. साध्या कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नये: गोल ओरखडा डेटाच्या मागाच्या (ट्रॅकच्या) दिशेने जातो आणि सलग लांब डेटा खातो, आडव्या ओरखड्यातून चूक-दुरुस्ती तगून जाते. थिनर, पेट्रोल असलं काही लावू नका.

त्यानंतर थेट एन्कोडला न बसता पूर्ण तबकडीची आयएसओ प्रत (जशीच्या तशी एका फाइलमध्ये) हार्ड डिस्कवर घ्या. एखादा भाग अडला तर डीडीरेस्क्यू किंवा आयसोबस्टर वापरा. एका ड्राइव्हवर न वाचलेला भाग दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर अनेकदा वाचला जातो, आणि डीडीरेस्क्यूची मॅप फाइल (काय वाचलं त्याची नोंद) ठेवली तर दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त राहिलेला भागच वाचावा लागतो. या मूळ आयएसओ मंडळाने दोन ठिकाणी जपाव्यात. वाटायच्या प्रती कशाही केल्या तरी चालेल, पण या गेल्या की नाटक गेलं.

म्हादई
२०२० नंतर कोण डीव्हीडी लावतं? तिन्ही आयएसओ हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घाला, एच.२६४ पद्धतीने दाबा, पेन ड्राइव्हवर द्या. टक्केवारीची कटकटच राहत नाही, कारण तिथे आकार ठरवायचा नसतो, दर्जा ठरवायचा असतो. कॉन्स्टंट क्वालिटी आरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १८ ते २२ हा हँडब्रेकवाल्यांनी ५७६ ओळींच्या चित्रासाठी सुचवलेला पट्टा आहे. नाटकाला १८ किंवा १९ ठेवा. आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते.

माटोळी
@म्हादई, पेन ड्राइव्हही देणारच आहोत. पण बऱ्याच ज्येष्ठ कलाकारांच्या घरी डीव्हीडी प्लेअरच आहे आणि त्यांना त्याचीच सवय आहे. दोन्ही हवं.

घुमट
मग पेन ड्राइव्हच्या प्रतीसाठी तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, इंटरलेसिंग. रेकॉर्डरचं चित्र सेकंदाला ५० फील्डचं असतं, म्हणजे एकाआड एक ओळींची ५० अर्धी चित्रं. साधं डीइंटरलेस करून (दोन फील्डची एक फ्रेम) २५ फ्रेम केल्या तर फुगडीच्या गिरक्या, तलवारीचा वार, सगळं अडखळत दिसतं. 'बॉब' पर्याय (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) निवडा आणि ५० फ्रेम ठेवा. हँडब्रेकमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ किंवा यॅडिफ, दोन्हींत बॉब आहे. फ्रेमरेट मात्र 'सेम अ‍ॅज सोर्स' किंवा ५० असल्याची खात्री करा. तिथे २५ राहिलं तर अर्ध्या फ्रेम गुपचूप टाकून दिल्या जातात.

दुसरी, चित्राचं प्रमाण. ७२० गुणिले ५७६ चे ठिपके चौरस नसतात. ४:३ च्या नाटकात ते चौरस धरले तर माणसं बारीक दिसतात. अ‍ॅनामॉर्फिक 'ऑटोमॅटिक' ठेवा, स्वतः आकडे बदलू नका.

तिसरी, एफएटी३२ च्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आरएफ १८ ला, ५० फ्रेमचं, कॅमेऱ्याच्या दाण्यांनी (अंधारात वळवळणाऱ्या ठिपक्यांनी) भरलेलं तीन तासांचं नाटक ही मर्यादा ओलांडू शकतं. अंकागणिक वेगळी फाइल करा. बघणाऱ्यालाही तेच सोयीचं. एच.२६५ ने जागा वाचेल, पण जुने टीव्ही ते वाजवत नाहीत; वाटायच्या प्रतीत एच.२६४ च ठेवा.

पिसोळे
दर्जा मोजायचाच असेल तर डोळ्यांवर कशाला सोडता? एफएफएमपेग प्रोग्रॅममध्ये एसएसआयएम आणि व्हीएमएएफ ही दर्जाची मापं आहेत. मूळ आणि नवीन फाइल शेजारी लावा, आकडा मिळतो.

खाजन
आकडा उपयोगी आहे, पण या कामात दोन अडचणी येतात. एक म्हणजे दोन्ही फाइल फ्रेमला फ्रेम जुळल्या पाहिजेत. एका फ्रेमने जरी सरकल्या किंवा एक डीइंटरलेस केलेली आणि एक नसलेली असली, तर आकडा निरर्थक येतो. दुसरी अडचण दाण्यांची. अंधारात कॅमेऱ्याने गेन वाढवून जे दाणे आणले ते काढले की चित्र डोळ्यांना बरं दिसतं, पण मूळच्या जवळ नाही म्हणून गुण कमी पडतात. व्हीएमएएफचं नेहमीचं मॉडेल १०८० ओळींच्या पडद्यासाठी शिकवलेलं आहे, तेही ध्यानात ठेवा.

एकाच नाटकाच्या दोन सेटिंगची तुलना करायला हे आकडे चांगले. 'इतके गुण म्हणजे उत्तम' असा पक्का निकाल त्यावरून देऊ नका. आणि सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट फ्रेमांचा आकडा बघा. तीन तासांतली दोन मिनिटं फुटली तर सरासरीला पत्ताही लागत नाही, पण नेमकी तीच दोन मिनिटं नाटकाचा कळस असतात.

तिसरा_अंक
एमपेग-२ साठी बिटरेट व्ह्यूअर छान आहे, त्यात क्यू लेव्हलचा आलेख येतो. क्यू म्हणजे खाजन यांनी सांगितलेली पायरीच. सरासरी २ ते ४ असेल तर निर्धास्त राहा. ८ च्या वर जिथे जिथे टोकं दिसतात, ती मिनिटं लिहून घ्या आणि टीव्हीवर तेवढीच बघा.

माटोळी
सगळ्यांचे आभार. इथे वाचून आवाज एसी-३ मध्ये आणला, तिन्ही तबकड्या एकत्र करून एचसी एन्कोडरने दोन पासमध्ये (आधी तपासून, मग दाबून) ३१४० वर चाचणी केली. संवादाची दृश्यं उत्तम. पण दशावतारी ढंगाचं युद्ध आहे, लाल-निळे दिवे, मागे काळा पडदा, आणि शेवटी गुलाल उधळतात. तिथे चौकोन दिसतात. काळ्या पडद्यावर ढगासारखे पट्टेही सरकतात. आता ३३% ला नको म्हणायचं का?

घुमट
अजून नाही. गुलाल, समुद्राच्या लाटा, पाऊस, शिगम्याच्या रोंबटातली (मिरवणुकीतली) फडफडती निशाणं: यातला प्रत्येक ठिपका वेगळ्या दिशेला जातो, त्यामुळे 'मागच्या फ्रेममधून उचल' ही युक्ती तिथे चालत नाही. याउलट गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीचा (फळाफुलांच्या आराशीचा) स्थिर शॉट बघा. सुपाऱ्यांचे घोस, कात्रे, कांगलां, केवढा तपशील! तरी पहिली आय फ्रेम महाग पडते आणि पुढच्या फ्रेम जवळजवळ फुकटात मिळतात. तपशिलापेक्षा अंदाज न लागणारी हालचाल महाग असते.

तुमच्या काळ्या पडद्यावर तेच चाललंय. डोळ्याला पडदा स्थिर वाटतो, पण कॅमेऱ्याचे दाणे प्रत्येक फ्रेमला बदलतात आणि एन्कोडर इमानदारीने त्यांच्यावर बिट घालवतो. गुलालासाठी मग शिल्लकच राहत नाही. आधी हलका डीनॉइज करा, म्हणजे दाणे कमी करा. एफएफएमपेगच्या एचक्यूडीएन३डी फिल्टरमध्ये आपोआपचे आकडे ४:३:६:४.५ असतात; २:१:२:३ ने सुरुवात करा. चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणून फील्ड वेगळी करून डीनॉइज करा आणि परत विणा, नाहीतर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. जास्त केलं तर चेहऱ्यावरचा रंग मेणासारखा गुळगुळीत होतो आणि भरजरी पोशाखाची जर पुसली जाते. राजाच्या मुकुटाचा जवळचा शॉट लावून तिथे तपासा.

पट्ट्यांसाठी एचसीमध्ये डीसी प्रिसिजन (चौकोनाच्या सरासरी छटेची बारकाई) ८ असेल तर ९ करा. कमाल बिटरेट ८००० ठेवा, म्हणजे युद्धाला वर जायला वाव मिळेल.

खाजन
आणखी दोन जागा तपासा. चित्रीकरण एकेकाळी व्हीएचएसवरून रेकॉर्डरवर घेतलेलं असेल तर तळाच्या आठ-दहा ओळी सतत थरथरत असतात. टीव्हीवर त्या कडेखाली लपतात, पण बिट खातात. तळाच्या १६ ओळी काळ्या करा. १६ च का, तर एमपेगचा मॅक्रोब्लॉक (दाबायचा मोठा चौकोन) १६ ओळींचा असतो. १० ओळी काळ्या केल्यात तर कड ब्लॉकच्या मधोमध येते आणि उलट जास्त बिट लागतात.

दुसरं म्हणजे फील्डचा क्रम. काही भाग डीव्ही कॅमेऱ्यावरून थेट घेतलेला असेल तर तो खालचं फील्ड आधी, रेकॉर्डरचा बहुधा वरचं आधी. एकत्र करताना चुकलं की टीव्हीवर हालचाल पुढे-मागे उचक्या देते. लॅपटॉपवर हे दिसत नाही कारण प्लेअर स्वतः डीइंटरलेस करतो. चाचणीची तबकडी नेहमी टीव्हीवर बघा. त्यासाठी एक री-रायटेबल ठेवा.

एफएफएमपेगने करणाऱ्यांसाठी: 'पाल-डीव्हीडी' टार्गेट (तयार सेटिंग) चित्राला ६००० आणि आवाजाला ४४८ धरतं, त्यामुळे तुमचे आकडे टार्गेटच्या नंतर लिहा. इंटरलेसिंगचे आयएलडीसीटी आणि आयएलएमई हे फ्लॅग ते आपोआप लावत नाही, ते हाताने घाला.

म्हादई
३५२ गुणिले ५७६ चा विचार केला का? हाफ डी-१ म्हणतात तो. डीव्हीडीच्या नियमात बसतो आणि ब्लॉक निम्मे होतात.

तिसरा_अंक
मी तरी ३१४० ला पूर्ण रुंदीच ठेवीन. हाफ डी-१ ची गरज साधारण २५०० च्या खाली लागते. मात्र मूळ व्हीएचएस असेल तर आडवा तपशील आधीच तेवढा नसतो, तिथे म्हादई यांचं बरोबर आहे: ३५२ ने काहीच गमावत नाही आणि युद्ध स्वच्छ होतं.

माटोळी
डीनॉइज २:१:२:३, तळाच्या १६ ओळी काळ्या, डीसी ९. सरासरी क्यू खाली आला, संवादांत आता तक्रारीला जागा नाही. युद्धातले चौकोन गेले, गुलालात थोडे आहेत. एक मिनिटभर.

घुमट
त्या मिनिटाची फ्रेम नंबरची रेंज काढा आणि बाकीचं नाटक ३०५० वर उतरवा. तीन तासांत ९० किलोबिट कुणाला कळत नाहीत, पण त्यातून जवळजवळ १२ कोटी बाइट मोकळे होतात. एका मिनिटाला ८००० दिले तरी एकूण ६ कोटीच लागतात. तो तुकडा वेगळा एन्कोड करा, जोड आय फ्रेमवर आणि क्लोज्ड जीओपीवर (बाहेरच्या फ्रेमवर न बेतलेल्या गटावर) येऊ द्या, नाहीतर जोडावर दोन-तीन फ्रेम फुटतात. जोडल्यावर आवाजाचा मेळ तिसऱ्या अंकाच्या शेवटी तपासा, सुरुवातीला नको.

बर्न करताना १६ एक्सच्या तबकडीला ८ एक्स वेग द्या आणि झाल्यावर 'व्हेरिफाय' चालू ठेवा.

कुळागर
आणि पाकीट कागदी नको. प्लास्टिकची डबी, उभी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब.